निवद निघाला

“निवद निघाला,” अनसाआत्यांनी वरच्या पायरीवरून सांगितलं, आणि मी मैथिलीच्या पोटाला तीन युनिट टोचले.

बाराला दहा मिनिटं कमी होती. घाटजाईच्या डोंगरावर निम्म्या पायऱ्या चढून आम्ही दोघी एका करंजाच्या सावलीत बसलो होतो. मी दहापर्यंत मोजून सुई काढली, फ्रॉक खाली केला. तिनं नेहमीसारखं विचारलं, “रडले का मी?” मी म्हटलं, “अजिबात नाही.” आजूबाजूनं जत्रेची माणसं चढत होती. एक म्हातारा थांबून बघत राहिला आणि मान हलवून पुढं गेला.

मैथिली तेव्हा पाच वर्षांची होती. आठ महिन्यांपूर्वी तिला टाइप वन मधुमेह असल्याचं कळलं होतं. म्हणजे तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून द्यायचं, रोज चार वेळा, जन्मभर. जेवणाआधीचं टोचलं की पंधरा मिनिटांत पोटात काहीतरी पडावं लागतं. नाही पडलं तर साखर उतरत जाते. आधी ती चिडते, मग घामेजते, मग ओळख विसरते. त्याच्या पुढचं डॉक्टरांनी मला एकदाच सांगितलं होतं. मीही पुन्हा विचारलं नाही.

आजारानंतरचा हा आमचा पहिला प्रवास. पंधरा दिवस मी त्याची आखणी करत होते. ती शाळेत गेली की त्या दोन-अडीच तासांत कागद घेऊन बसायचं. इन्सुलिनची दोन पेनं दोन वेगळ्या पिशव्यांत. बर्फाचा थर्मास. आत्यांकडे वीज जाते, म्हणून फ्रिजवर विसंबायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ आधीच तयार ठेवायला सांगायचा. ग्लुकोजची पुडी माझ्या पर्समध्ये, नवऱ्याच्या, सुजितच्या, खिशात आणि गाडीत. प्रत्येक इंजेक्शनपुढे वेळ आणि जेवण. त्या कागदावर दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दुपारी बारा. नैवेद्य, जेवण.’

हे मी आत्यांना फोनवर तीनदा विचारून लिहिलं होतं. अनसाआत्या म्हणजे सुजितच्या वडिलांची बहीण. सासूबाई गेल्यावर कुलाचार त्यांनीच सांभाळलेला. त्यांचं म्हणणं, लग्नानंतर देवीची ओटी राहिली, म्हणून पोरीला लागलं. सुजितला ते बोलणं खात होतं. मी सगळ्यांना सांगितलं, सुजितच्या मनाला बरं वाटावं म्हणून जातोय. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, जा खुशाल, फक्त घड्याळ देवीच्या हातात देऊ नका.

आत्या फोनवर म्हणाल्या होत्या, “निवद बाराला निघतो. त्याच्याआधी कुणी तोंडात घास घालत न्हाय. निघाला की सांगते की तुला.”

माझं माहेर ठाण्याचं, दोन खोल्यांचं. आमच्याकडे नैवेद्य निघतो तो पातेल्यातून. निघाला की पाच मिनिटांत पानं वाढलेली असतात. त्यांच्याकडे तो गावातून निघतो, हे मला कोण सांगणार? त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच.

बारा वाजून गेले तरी पानांचा पत्ता नाही, म्हणून मी पायरीवरच्या फुलंवालीला विचारलं. ती हसली. निवद पाटलाच्या घरातनं निघतो म्हणाली, सात ठिकाणी थांबतो, वेशीवर, ओढ्यावर, म्हसोबाला. वर यायला दोन वाजतात, एखाद्या साली अडीच.

मी पर्स उघडली. अशा वेळेसाठीच बिस्किटं होती. मैथिलीला माझ्या ओढणीआड घेतलं आणि तीन बिस्किटं हातात दिली. ती कुजबुजली, “देवीच्या आधी नाही खायचं. आत्याआजी म्हणाल्या.” मी म्हटलं, लहान मुलांचं देवी बघत नाही. तिनं तोंड पायऱ्यांच्या कठड्याकडे वळवलं. थोड्या वेळानं वळली तेव्हा हात रिकामे होते. मी मनात वीस मिनिटं मोजायला घेतली आणि आम्ही पुन्हा चढू लागलो.

देवळापाशी रांग वळसे घेत गेलेली. आत्या कुठूनतरी आल्या आणि मैथिलीचा हात धरून म्हणाल्या, लेकराला रांग नसती, मी पुढं दर्शन घेऊन येते, तू ओटीचं ताट घेऊन मागनं ये. मी सोडलं. आज सहा वर्षांनीही मला तो हात सुटतानाचा नेमका क्षण आठवतो. तो गार होता. गाभाऱ्याजवळच्या दगडामुळं असेल, असं मी मनाशी म्हटलं. अजून दगडापर्यंत ती पोचलीच नव्हती.

सुजित खाली होता, कडुनिंबाच्या सावलीत थर्मास मांडीवर घेऊन. गाडीत उकाड्यानं इन्सुलिन खराब होतं, म्हणून आम्ही तसंच ठरवलं होतं.

हलगी वाजत होतीच. एकाएकी तिचा ठेका बदलला. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या, आणि पुढून मागं एकेक करत तेच दोन शब्द येत राहिले. आई आली. आई आली. कुणाच्या अंगात आलं म्हणून माझ्या पुढचीनं विचारलं. उत्तर आलं, कोण बारकी पोरगी हाय, परगावची.

मी रांग मोडली. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणी शिवी दिली. देवळापुढच्या चौकात बायकांचं कडं होतं आणि त्यांच्या खांद्यांमधून मला माझी मुलगी दिसली.

ती फरशीवर मांडी घालून बसली होती. वेणी सुटली होती. कपाळभर कुंकवाचा मळवट कुणीतरी ओढला होता आणि तो घामानं नाकावर उतरला होता. ती घुमत होती. म्हणजे तिचं डोकं सांभाळलं जात नव्हतं आणि हलगी त्याला ताल देत होती. डोळे उघडे होते. त्यांत कुणी नव्हतं.

मी हे आधी दोनदा घरी पाहिलं होतं. एकदा ती मला ‘काकू’ म्हणाली होती. मला माहीत होतं हे काय आहे. हा साखरेचा एक आकडा होता, सत्तरच्या वर हवा तो चाळीसच्या आसपास, आणि तो खाली चालला होता.

“तिची साखर उतरलीय,” मी म्हटलं. “मी आई आहे तिची. सोडा मला.”

एका धिप्पाड बाईनं माझं मनगट धरलं. रागानं नाही, काळजीनंच. वारं भरल्या अंगाला मधेच हात लावू नये, म्हणाली, लेकरू जागच्या जागी दगावतं. मी पुन्हा साखर म्हटलं. गुरव माझ्याकडे न बघता बोलला, “उतरंल तवा उतरंल, बाई. आमच्या हातात हाय का?”

तेवढ्यात कड्यातून एक बाई पुढं सरकली होती. सिंधू तिचं नाव, हे मला नंतर कळलं. पस्तिशीची, शेजारच्या वाडीची, नवरा चार वर्षांपूर्वी घरातून गेलेला. तिनं फरशीला डोकं टेकलं आणि विचारलं, “माझा मालक कुठं हाय, आई?”

मैथिलीचे ओठ हलले. हलगी थांबली.

“पाणी,” मैथिली म्हणाली.

तो तिचा आवाज नव्हता. जाडसर, खालून आलेला. साखर उतरली की जीभ जड होते, तिला तहान लागली होती, ती पाणी मागत होती. मला हे सगळं त्याच क्षणी कळत होतं, आणि तरी माझ्या हातांवर काटा आला. सिंधू रडली नाही. ती फक्त मागं सरकली आणि शेजारणीला म्हणाली, “हिरीतच हाय. मी म्हनतच हुते.”

मग एका म्हाताऱ्यानं भावकीच्या वाटणीचं विचारलं. मैथिली म्हणाली, “घरी.” म्हातारा खूश झाला. त्याचा भाऊ मागून म्हणाला, “घर म्हनली, रान न्हाय म्हनली. रान माझं.” दोघंतिघं हसले. माझी मुलगी घरी न्या म्हणत होती.

माझ्या मनगटावरचा हात ढिला होईना. तेव्हा आत्या आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मैथिलीकडे पाहिलं, आणि माझ्या हातातलं कलंडलेलं ताट सरळ केलं. त्यात खण, नारळ, तांदूळ होते. मला पदर असता तर त्यांनी तो माझ्या डोक्यावर ओढला असता. नव्हता, म्हणून माझी ओढणीच ओढली.

“सोड गं तिला,” त्या बाईला म्हणाल्या. “ओटी भरायची हाय सूनबाईला. ओटी भरनारीला कोन अडवतं व्हय?”

हात सुटला. कडं उघडलं.

मी गुडघ्यांवर बसले. ताट खाली ठेवलं. पर्समधली ग्लुकोजची पुडी दातांनी फाडली, हातात ओतली. मूठ गच्च भरली. बायकांना वाटलं, देवीची साखर. मैथिलीचा चेहरा माझ्यापासून एका वितीवर होता. हनुवटीवरून घाम ठिबकत होता. आता फक्त बोट साखरेत बुडवायचं आणि तिच्या गालाच्या आत चोळायचं होतं. याचा सराव मी बाहुलीवर केला होता.

आणि मी हात पुढं केला नाही.

हे मी सुजितला आजतागायत सांगितलेलं नाही. आठ महिने मी डॉक्टरांना एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत होते. डॉक्टर दरवेळी तेच उत्तर देत. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हापासून मी विचारायचं बंद केलं. विचारायचं बंद केलं, पण प्रश्न होता. तो घेऊनच मी पंधरा दिवस कागद आखत बसले होते. ठाण्याची शिकलेली मी, मला देवीला विचारायचं होतं. दगडाला विचारायचं, उत्तर मिळणार नाही, आणि मोकळं व्हायचं, एवढंच मनात होतं. समोर उत्तर देणारं कुणी असेल असं कुठं ठाऊक होतं?

“आई,” मी माझ्या मुलीला म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला, तो सिंधूसारखा होता. “मैथिली बरी होईल का?”

तिची मान स्थिर झाली. ते डोळे माझ्याकडे वळले, माझ्यावर आले आणि थांबले. गुरवानं घंटेची दोरी धरून ठेवली होती. कुठं काही वाजत नव्हतं. भर दुपारी, एवढ्या माणसांत, मला माझ्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. साखर माझ्या घामानं मुठीत चिकट व्हायला लागली होती. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. दहा सेकंद, वीस सेकंद. मी थांबले होते. मी उत्तराची वाट बघत होते.

“मैथिली गेली,” ती म्हणाली.

मग माझे हात हलले. बोट, साखर, गाल. पुन्हा बोट, साखर, गाल. हिरड्यांवर, जिभेखाली. मी काय बोलत होते मला आठवत नाही. आत्यांनी तांब्या पुढं केला, थोडंथोडं पाणी. ती गिळत होती. गिळत होती म्हणजे होती. मशीन काढून तिच्या बोटाला टोचलं तेव्हा, एवढी साखर गेल्यावरही, आकडा आला चव्वेचाळीस. दहा मिनिटांनी एकाहत्तर. मग तिनं डोळे मिचकावले, मळवटाला हात लावला, लाल झालेली बोटं बघितली आणि भोकाड पसरलं. बायका म्हणाल्या, उतरलं वारं.

मी तिला उचलून पायऱ्या उतरले. फ्रॉकच्या खिशात काहीतरी टोचत होतं. तीन बिस्किटं. आख्खी.

अडीचला निवद आला. तिनं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. काय झालं होतं म्हणून सुजितनं विचारलं. साखर उतरली होती, मी दिली, म्हणून सांगितलं. त्यानं तिला छातीशी धरलं, वर माझी पाठ थोपटली. म्हणाला, तू होतीस म्हणून.

निघताना आत्या गाडीशी आल्या. मी त्यांचे आभार मानले. म्हटलं, तुम्ही नसता तर मला आत जाताच आलं नसतं.

“मला काय कळत न्हाय व्हय? साखर हाय ती,” आत्या म्हणाल्या. “पर त्या बायांना कोन सांगनार? म्हनून ओटी काढली.” मग खिडकीत वाकून, सुजितला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, “आत जाऊन लई येळ लावलास. काय बोलत हुतीस?”

“काही नाही,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि मैथिलीच्या गालावरून बोटं उतरवून कडाकडा मोडली.

घरी आलो. आकडे बरे होते, सकाळचे, रात्रीचे. मैथिली शाळेत जात होती, भांडत होती, भेंडी खात नव्हती. मी मात्र तिला सारखी हाक मारायला लागले. ती खेळत असली तरी, अंघोळीला गेली तरी. तिनं ‘ओ’ दिली की काम पुढं सुरू.

स्वतःला मी समजावून सांगितलं होतं. पाणी म्हणजे तहान. घरी म्हणजे घरी. आणि ‘गेली’चं काय? जड जिभेचं पोर, ऐकलेलं स्वतःचं नाव उचललेलं, पुढं काहीतरी जोडलेलं. सगळं नीट बसत होतं. पण वैशाखात सिंधूच्या माहेरची माणसं ती विहीर उपसणार आहेत असं आत्यांच्या बोलण्यात आलं, आणि माझी झोप गेली. कारण विहिरीत तो सापडला, तर ते पाणी तहानेचं नव्हतं. आणि ते तहानेचं नसेल, तर मग मला मिळालेलं उत्तर कुणाचं होतं?

मी रोज आत्यांना फोन करायला लागले. कधी कैऱ्यांचं निमित्त, कधी सांडग्यांचं. सुजित कौतुकानं म्हणाला, आत्याशी बरं जमलंय तुझं. मी विहिरीचं शेवटी विचारायची, सहज विचारल्यासारखं. मोटर बिघडलीय, म्हणायच्या त्या. डिझेल न्हाय. उद्या. एकदा म्हणाल्या, “तुला गं कशापायी त्या हिरीचं एवढं?” मी म्हटलं, बिचारीची काळजी वाटते.

बाराव्या दिवशी त्यांचाच फोन आला. मैथिली खेळून येऊन जमिनीवर चित्र काढत बसली होती. आत्या म्हणाल्या, “निघाला बाई गाळ. तळापातूर निघाला. एक कळशी घावली आन् कुनाची तरी पितळी समई. मानूस न्हाय.”

सिंधूला काय वाटलं असेल हे माझ्या मनात आलंच नाही. आजही त्याची लाज वाटते. फोन ठेवला आणि मी हसायला लागले, एकटीच, तोंडावर हात घेऊन. मग मैथिलीपाशी जाऊन बसले, तिला खडूसकट मांडीवर ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाले, “कुठं नाही गेलीस तू. कुठंसुद्धा नाही.”

“नव्हतेच गेले,” मैथिली म्हणाली. चित्र चुरगळलं म्हणून ती वैतागली होती. “ती खोटं बोलली.”

मी विचारलं, कोण?

“ती गं. देवळात. तू विचारलंस ना तिला.” तिनं कागद मांडीवर ठेवून सरळ केला. साखर उतरलेल्या वेळेचं तिला कधी काही आठवत नसे. दोन्ही वेळा डॉक्टरांनी खोदून विचारलं होतं, काहीही आठवत नव्हतं. “मी तिच्या मागंच उभी होते. तुझ्या मुठीत साखर होती, मला दिसत होती. मी हाका मारल्या तुला. किती मारल्या. पण तू तिच्याशीच बोलत होतीस.”

ती पुन्हा रंगवायला लागली. मी तिला मांडीवरून उतरवलं नाही. एका हातानं ड्रॉवर उघडून मशीन काढलं, पट्टी घातली, तिचं बोट धरलं. सुई लागली तरी तिनं मान वर केली नाही. माझी खात्री होती, आकडा खालीच असणार. पाच सेकंद लागतात.

एकशे अठरा.

तिनं आकडा वाचला. तेव्हा तिला शंभरपर्यंतचेच आकडे नीट येत होते, म्हणून एकेक अंक करून वाचला. मग मागं वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, “आई, मीच आहे.”